कोपऱ्याची फरशी

साडीच्या काठाला कोपरा नसतो. ही गोष्ट चोविसाव्या वर्षापर्यंत माझ्या डोक्यात आली नव्हती, आणि मी कोष्ट्याची मुलगी.

म्हणजे साडीला चार टोकं असतात, नाही कुठं? पण काठ टोकाशी वळत नाही. एकीकडून निघतो, नाकासमोर चालत दुसरीकडे जातो आणि संपतो. वळायचं असेल तर नेसणारीनं वळावं. खोलीचं तसं नाही. खोलीच्या जमिनीला काठ घालायचा तर त्याला चार वेळा वळावंच लागतं. हे एवढंसं शहाणपण मला आलं ते पालघरला एका डॉक्टरांच्या नव्या घरात, भरपूर कौतुक करून घेतल्यावर, गवंड्याच्या तोंडून.

साठ साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. तारापूरला अणुकेंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं आणि लांबलांबची माणसं पोट घेऊन तिकडे येत होती. माझा नवरा वेल्डर होता. आम्ही भंडाऱ्याकडची. लग्नानंतर सहा महिन्यांत बोईसर स्टेशनावर उतरलो आणि पाम गावात एका मावशींच्या घराची मागची खोली भाड्यानं घेतली. मावशींचे यजमान होडीवर जात. मावशी मासळी सुकवायच्या आणि बोईसरच्या बाजारात विकायच्या. पहिले पंधरा दिवस मी नाकाला पदर लावून वावरले. नंतर तो वास कधी यायचा बंद झाला ते कळलं नाही.

दुसऱ्या वर्षी, पावसाळा सरता सरता, नवऱ्याला विषमज्वर झाला आणि अठराव्या दिवशी तो गेला. कुणाचा दोष नव्हता. ताप आला आणि उतरला नाही.

मी रडले नाही. यात मोठेपणा काही नाही, रडू आलंच नाही. बायका जमल्या, त्यांनी मला मधे बसवलं, माझ्या गळ्यात पडून त्याच रडल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. भिंतीवर एक पाल होती, ती ट्यूबलाइट नसलेल्या त्या घरात काय खात असेल, असा विचार माझ्या मनात चालला होता. मावशी दोन-तीनदा म्हणाल्या, "रड गो बाय एकदा. नाय रडलीस तं आतल्या आत सुका बोंबील होशील." मी म्हटलं, होईन. बोंबील पावसाळाभर टिकतो तरी.

थोरले दीर उमरेडहून आले. आमच्याकडे थोरला दीर धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलत नाही. ते ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसत आणि मावशींना म्हणत, "त्यांना सांगा, जेवून घ्या म्हणावं." मी दोन हातांवर उभी असे. मावशी आधी त्यांच्याकडे बघायच्या, मग माझ्याकडे, आणि मग इमानानं मला सांगायच्या, "जेवून घे म्हन्तात." तेरावा झाला तेव्हा दीर भिंतीला म्हणाले, "त्यांना सांगा, दिवाळी झाली की न्यायला येतो. आमच्याकडे दोन घास कमी नाहीत." माणूस वाईट नव्हता. पण त्या घरात आधीच अकरा माणसं होती आणि मला तिथली चूल माहीत होती. एकदा तिच्यापुढे बसलं की उठायचं ते चौघांच्या खांद्यावरच.

माझे वडील तार उशिरा मिळाल्यामुळे नवव्या दिवशी पोचले. तीन गाड्या बदलून आले होते. चार दिवस राहिले, बोलले जवळपास नाहीच. निघताना स्टेशनावर म्हणाले, "येतेस का घरी?"

आमचं घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत भाऊ, वहिनी आणि त्यांची तीन पोरं. बाहेरची खोली मागाची. आमचा माग खड्ड्याचा. विणणारा जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो, आणि माग सगळी खोली खाऊन टाकतो. बाबा स्वतः पडवीत निजत.

मी म्हटलं, "येऊ तर निजू कुठं? मागावर?"

त्यांनी पिशवी उचलली. गाडी आली, ते चढले. माझं तोंड लहानपणापासून असंच आहे. त्या वेळी वाईटही वाटलं नाही. काहीच वाटत नव्हतं, त्यात ते एक.

मावशींच्या मुलाचं लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं, त्यामुळे खोली सोडावी लागणार होती. हे त्यांनी मला चार दिवस गिळून पाचव्या दिवशी सांगितलं. आणि सांगितल्याचं पाप फेडायला म्हणून की काय, दुसऱ्या दिवशी हात धरून मला बोईसरजवळच्या फरशीच्या कारखान्यात घेऊन गेल्या. "दिवाळीपर्यंत हातपाय तं हलव. नुसती बसून हायस, बुरशी येल."

कारखाना म्हणजे एक मोठी शेड, दोन दाब आणि मागे पाण्याचे चार हौद. सिमेंटच्या रंगीत फरश्या तिथे बनत. लोखंडी चौकट, तिच्या तळाशी गुळगुळीत पाटा, पाट्यावर पितळी पट्ट्यांची जाळी. जाळीच्या एकेका कप्प्यात वेगळ्या रंगाचा पातळ सिमेंटचा काला पळीनं ओतायचा. जाळी अलगद उचलायची. रंग एकमेकांत न मिसळता तसेच राहतात, हे बघून पहिल्या दिवशी मी तोंड उघडं टाकून उभी होते. मग वर कोरडी भुकटी, वर जाड माल, आणि दोन माणसं दाबाचा दांडा फिरवून सगळं आवळत. फरशी निघे ती उलटी. सुलटी केली की नक्षी. ती एक दिवस हवेवर ठेवून मग हौदात सोडायची. हौदाचं काम आम्हा बायकांकडे होतं.

कोरडी फरशी मुकी दिसते. लाल रंग विटकरी, काळा राखेसारखा. पाण्यात बुडाली की तिचा रंग उघडतो. मी दिवसभर फरश्या पाण्यात सोडत असे आणि काढत असे. बोटांची सालपटं निघाली. दुखत असणार, पण ते दुसऱ्याच कुणाचं तरी दुखत असल्यासारखं वाटायचं.

शेठ म्हातारे होते, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मूळचे सुरतेकडचे, पण मराठी बोलायचे, आपल्या पद्धतीनं. त्यांच्याकडे नमुन्यांची एक वही होती: गुलाब, चौकट, चांदणी, आणि एक वेल जी कुणीच घेत नसे. तालुक्यात जिथे जाल तिथे शेठचा गुलाब पायाखाली.

एकदा पालघरच्या डॉक्टरीणबाई, म्हणजे डॉक्टरांच्या बायको, घराची फरशी पसंत करायला आल्या. वही चाळून म्हणाल्या, "माझ्या नणंदेकडे गुलाब, जावेकडे गुलाब. मला गुलाब नको." शेठ त्यांना हौदावरच्या तयार फरश्या दाखवायला मागे घेऊन आले. तिथे हौदाच्या कडेवर मी फुटक्या फरश्यांचे तुकडे मांडले होते. लाल तिकोनी तुकडा, मग मोकळी जागा, मग लाल तुकडा. सगळ्यांची टोकं एका बाजूला. तसं मांडायचं असं ठरवलं नव्हतं. फरशी भिजेपर्यंत हाताला काहीतरी लागतं.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"करवती काठ," मी म्हटलं. "करवतीच्या दातांसारखा. आमच्याकडे साडीला असतो."

बाई वाकून बराच वेळ बघत राहिल्या. मग शेठना म्हणाल्या, "मला हे हवं. मधे साधी पांढरट जमीन आणि भिंतीच्या कडेनं हा काठ."

शेठनी मला शेडमध्ये बोलावलं. "बेन, तुला येते तर काढ. डॉक्टरचं घर नीट झालं तर अजून दहा घरं येतील. मग तू हौदावर नको. नमुने कर. मागची खोली आहे, ती तुला." मागची खोली म्हणजे सिमेंटच्या पोत्यांची होती, पण तिला दार होतं आणि दाराला आतून कडी होती. त्या खोलीचा विचार मनात आला आणि गेला नाही. इतक्या दिवसांत जो काही मनात येऊन थांबला असा तो पहिला विचार. खोली मिळाली तर उमरेडची चूल टळणार होती. एवढंच कळत होतं.

तरी एक गोष्ट टोचली. मावशींना विचारलं, "लुगड्याचा काठ पायाखाली घालायचा म्हणजे बरं का?"

मावशी बोंबील उलटत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "काठ काय डोक्यावर असतो काय गो? खालीच असतो तो, पायाशी. चिखल पयला त्यालाच लागतो."

करवती काठ विणायला दोन माणसं लागतात. मधल्या अंगाचा धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी लाकडी नळी, वेगळा, दोन्ही काठांचे वेगळे, आणि प्रत्येक फेऱ्यात काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवावा लागतो. तो अडकतो तिथेच दात तयार होतात. बाबा मधला आणि उजवा धोटा चालवत. डावा माझा. आठव्या वर्षापासून लग्नापर्यंत मी त्यांच्या डाव्या हाताला बसले. वहिनीला ते जमलं नाही, भावाला जमवायचं नव्हतं. माझं लग्न झालं आणि बाबांचा करवती काठ बंद पडला. त्यानंतर ते साध्या काठाची धोतरं विणत असतील असं मी धरून चालले होते.

लग्नात त्यांनी मला त्याच काठाची साडी दिली होती. ती पेटीत होती. पण पेटीत सगळ्यात वर नवऱ्याचा निळा शर्ट होता, म्हणून पेटी मी उघडली नाही. काय बघायचंय, म्हटलं. हजारो दात घातलेत या हातांनी. कॅलेंडरच्या पाठीवर नमुना काढला तो डोक्यातूनच.

आधी एका फरशीत चोवीस दात काढले. पालघरचा तांबट, जो जाळ्या बनवायचा, हसला. म्हणाला, "एवढ्या बारीक कप्प्यात काला उतरेल कसा? अंगठ्याएवढी जागा तरी ठेवा, बाई." मी वीस दात काढून टाकले. चार राहिले. चार दातांतही काठ ओळखू येत होता, याचं मला बरं वाटलं. म्हणजे वाटलं असावं. तांबटानं जाळी केली, कारागिरांनी नग काढले, आणि मी ते हौदात सोडले. पाण्याखाली लाल दात एकामागून एक उमटले तेव्हा हौदावरच्या बायका काम टाकून बघायला आल्या. शेठ फरशी डोळ्याला चिकटवून म्हणाले, "सरस."

आणि मग डॉक्टरांच्या घरी गवंडी पहिल्या भिंतीच्या टोकाला पोचला. मी शेठबरोबर बघायला गेले होते. तो उकिडवा बसून माझ्याकडे बघत राहिला.

"बाई, कोपऱ्याचा नग कुठाय?"

"कसला कोपरा?" मी म्हटलं.

तो हसला, मग त्याच्या हाताखालचा माणूस हसला. गुलाबाच्या काठाला कोपऱ्याचा नग असतो, वेलीच्या काठाला असतो, फरशीच्या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. शेठना दिसत नव्हतं आणि मला सुचलं नव्हतं. माझा काठ जन्मात कधी वळला नव्हता.

गवंड्यानं एक काठ दुसऱ्यावर नेऊन आपटवला. दात भिंतीत घुसल्यासारखे दिसले. मग दोन नग तिरके तोडून जोडले. पण नमुना काढताना मी नगाची कड दाताच्या मधूनच काढली होती. मागावर कुठूनही सुरुवात केली तरी चालतं, तशी सवय. त्यामुळे तिरक्या जोडावर अर्धा दात इकडे, पाव तिकडे. तोडताना कडाही उडाल्या. डॉक्टरीणबाईंनी उडालेली एक कड उचलली, खिडकीत ठेवली आणि आत गेल्या.

परत येताना शेठ म्हणाले, "दिवाळीआधी त्यांना राहायला जायचंय. पंधरा दिवस देतो. कोपरा कर. नाही झाला तर उखडून गुलाब बसवू." खोलीचं ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. दिराचं कार्ड त्याच दिवशी आलं होतं, मावशींच्या नावानं: भाऊबीज झाली की निघतो, त्यांना सामान बांधून ठेवायला सांगावे.

मी दहा-बारा कोपरे काढले. एकात दात मोठा केला, एकात कोपऱ्यात फूल घातलं. फूल म्हणजे हार मानणं. सगळे खोटे दिसत होते. मला राग आला. किती दिवसांनी काही आलं तर ते हे. कागदावर राग, काठावर राग, मला हे सगळं गळ्यात बांधून निघून गेलेल्या नवऱ्यावर राग. कॅलेंडर फाडलं. मग दुसऱ्या दिवशी बाबांना पोस्टकार्ड लिहिलं. दोन ओळी. दिवाळीनंतर भाऊजी मला उमरेडला न्यायला येणार आहेत. आणि, करवती काठ कोपऱ्यात वळवायचा तर कसा?

फरशीचं काही लिहिलं नाही. कार्डावर कोण एवढं लिहीत बसणार?

दिवस मोजत होते. अकराव्या दिवशी पाकीट आलं. बाबांनी आयुष्यात पाकीट पाठवलेलं मला आठवत नाही. आत कापडाचा एक तुकडा होता, वीतभर. करवती काठाचा. मधोमध तिरकी घडी घालून काटकोनात वळवलेला, आणि घडी सुटू नये म्हणून लाल दोऱ्याचे चार टाके. दात दातांना भिडले होते. घडी दातावर घातलेली नव्हती, दोन दातांच्या मधल्या खाचेत होती. बस, एवढंच होतं. कापड हातात धरलं असतं तर मलाही कळलं असतं. मी कागद घेऊन बसले होते, आणि कागदाला घडी घालायचं कुणाच्या मनात येतं?

मग तुकडा उजेडात नेला. डावा काठ होता. त्यातले दात थोडे सैल होते. एक दात तर बाजूच्यापेक्षा बोटभर, म्हणजे धाग्याच्या हिशेबानं बोटभर, पुढे आलेला. माझाच हात. बाबा लहानपणी ओरडत, ढिला सोडू नको. हा तुकडा कुठल्या साडीचा, ते मला त्याबरोबर आलेल्या कागदावरून कळलं.

कागदावर बाबांच्या मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं: तुझ्या लग्नाआधी आपण लावलेली साडी अर्धी मागावरच होती. तू गेल्यावर तशीच ठेवली. त्यातला काठ पाठवतो. माग काढला. खड्डा बुजवला. वहिनीने सारवून घेतले. आता निजायला जागा झाली आहे. उमरेडला जाऊ नको. घरी ये.

मी तो कागद दोनदा वाचला. मग त्याची घडी केली आणि तांबटाकडे गेले. गाडीत उभीच होते, बसायला जागा होती तरी. मला जे वाटायला हवं होतं ते मला माहीत होतं. ते कुठेतरी आत, हौदाच्या तळाशी असल्यासारखं होतं, आणि मी वरून बघत होते.

तांबटापुढे तुकडा ठेवला. म्हटलं, जसा आहे तसा. तो म्हणाला, "हा एक दात पुढं आलाय, सरळ करू?" मी म्हटलं, "राहू दे." का म्हटलं, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

कोपऱ्याचे चार नग बसले. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात डॉक्टर राहायला गेले. डॉक्टरीणबाईंनी मला हळदीकुंकवाला बोलावलं नाही, ते त्या काळात होणारही नव्हतं. पण आपल्या हातानं चहा केला आणि मला त्या काठाच्या आत, मधोमध, पाटावर बसवून दिला. चारी कोपऱ्यांत माझा तो ढिला दात होता. त्यांना तो दिसला नाही. शेठना तर दिसणारच नव्हता. पाचव्या दिवशी शेठनी सिमेंटची पोती मागच्या खोलीतून बाहेर काढायला लावली.

भाऊबीजेनंतर थोरले दीर आले. ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसले. "त्यांना सांगा, सामान बांधलं का म्हणावं." मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी मावशींना काही सांगितलं नाही. ओट्यावर जाऊन त्यांच्यासमोर, भिंतीच्या बाजूला, उभी राहिले. त्यांना बघायला दुसरी जागाच उरली नाही.

"भाऊजी, मी येत नाही. मला इथं काम आहे, खोली आहे."

माझा आवाज त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच ऐकला. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग सवयीनं मावशींकडे वळून म्हणाले, "त्यांना सांगा, अडलंनडलं तर कळवा." मावशींनी मला सांगितलं.

बाबांना मी कार्ड लिहिलं: काम लागले आहे, इथेच राहते, काळजी करू नये. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा ते असं जमलं. त्यांनी माझ्यासाठी माग काढला होता, आणि त्याच मागावरच्या तुकड्यानं मी तिकडे न जाण्याची सोय केली होती. उत्तर आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी आठ दिवस घरी गेले. पिशवीत कपड्यांत गुंडाळून एक कोपऱ्याची फरशी नेली. वजनानं खांदा उतरला. बाहेरची खोली एवढी मोठी असेल असं मला कधीच वाटलं नव्हतं. जमीन एकसारखी सारवलेली. फक्त खड्ड्याच्या जागी माती थोडी खचली होती, त्यामुळे कुठे होता ते कळत होतं. भिंतीशी एक बाज उभी करून ठेवली होती, नवीन, एकदाही न वापरलेली. बाबा सकाळी दुसऱ्याच्या मागावर कांड्या भरायला, म्हणजे पोराटोरांचं सूत गुंडाळायचं काम करायला, गेले होते. वहिनीनं हे सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती.

संध्याकाळी ते आले. मी फरशी दिली. त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली, कडेवरून बोट फिरवलं, वजन घेऊन पाहिलं. मग पूर्वी माग होता त्याच्या डाव्या बाजूला, जिथे मी बसत असे तिथे, जमीन थोडी उकरली, फरशी बसवली आणि तिच्यावर माठ ठेवला. माठ नवा होता, पाझरत होता. मी बाज पाडली आणि तिच्यावर बसले. अर्ध्या तासात माठाचं पाणी फरशीवर उतरलं, आणि कोरडा विटकरी काठ हळूहळू लाल झाला, दात आणि दात, ढिला दातसुद्धा.

बाबा उकिडवे बसून बघत होते.

"तुया डावा हात ढिलाच राहिला, पोरी," ते म्हणाले.

तेव्हा मी रडले. नवऱ्यासाठी, मागासाठी, स्टेशनावर बोलले त्यासाठी, वेगवेगळं करता येत नव्हतं. बाबांनी माठातलं पाणी पेल्यात काढून माझ्यापुढे ठेवलं आणि माझं होईपर्यंत तिथेच बसून राहिले. रात्री मी त्या बाजेवर निजले. सात रात्री निजले, आणि मग बोईसरला परत आले.